मासिकासाठी तीन माणसं

महंतबाबांनी अट एकच घातली होती. "मासिक काढा, माझा आशीर्वाद आहे. पण वर्षभर दर रविवारी येऊन राबतील अशी तीन माणसं गोकुळाष्टमीपर्यंत माझ्यासमोर उभी करा. तुम्हाला त्यात धरायचं नाही. नाही जमलं, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

आता पद्माकर ठोसरांना एखाद्या फाटक्या पोथीची पानं लावून द्या म्हटलं असतं, तर त्यांनी ती चार दिवसांत लावून दिली असती. माणसं लावून देणं हे काही त्यांचं काम नव्हे. दिल्लीतल्या एका मंत्रालयाच्या ग्रंथालयात त्यांची सगळी नोकरी झाली, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये संसार झाला, आणि आता ते मुलाच्या नोएडातल्या नव्याकोऱ्या फ्लॅटमध्ये राहत होते. तिथं लिफ्ट होती, पण शेजार नव्हता. महानुभाव पंथाचं एक छोटं मराठी मासिक दिल्लीतून निघावं, ही त्यांची वीस वर्षांची इच्छा. सत्तरी ओलांडली तरी ती त्यांनी बाबांखेरीज कुणाला नीट सांगितलीही नव्हती.

"तुम्ही माणसं जमवणार?" त्यांच्या पत्नी लतिकाबाई पोळी लाटता लाटता म्हणाल्या. "दूधवाल्यानं घंटी वाजवली तरी आतल्या खोलीत पळता!"

"तेही खरंच," पद्माकरराव म्हणाले. त्यांना ते मनापासून पटलं होतं.

तरी ते निघाले. आधी कँटोन्मेंटात ओळखीच्या सुभेदार उदयसिंहांकडे गेले. त्यांनी चहा पाजला, नाव लिहून दिलं आणि म्हणाले, "बदली झाली नाही तर आलोच बघा!" जुन्या ऑफिसातले एक सोबती सल्लागार मंडळात बसायला एका पायावर तयार झाले; मात्र मंडळानं बसण्यापलीकडे काही करायचं असतं, हे त्यांना मान्य नव्हतं. गुडगावला संगणकाच्या कंपनीत असलेला ओळखीतला तरुण धैर्यशील तर हसलाच. "काका, छापता कशाला यार? नव्याण्णव साल चालू आहे. इंटरनेटवर टाका, बिल्कुल फुकट!"

नावं शेवटी सगळ्यांनी दिली. रविवार कुणीच दिला नाही.

श्रावण लागला. बाबांच्या आश्रमात रविवारी नेहमीप्रमाणे पंथाच्या सूत्रांचं पठण झालं. या आश्रमात मराठी माणसं मूठभर. बाकी सगळी फाळणीनंतर पेशावरकडून आलेली पंजाबी घराणी. पण पठण जुन्या मराठीतच, पिढ्यान्‌पिढ्या तसंच. पद्माकरराव वर्षानुवर्षं त्यांच्याबरोबर बसत, ओळखीचं हसत आणि निमूट घरी जात. त्या दिवशी मात्र पलीकडच्या रांगेतल्या एका बाईंचा खणखणीत आवाज त्यांच्या कानात राहिला. एक अक्षर इकडचं तिकडं नाही. बाहेर चपला घालताना त्या शेजारीच उभ्या होत्या, आणि पद्माकररावांच्या कुतूहलानं त्यांच्या भिडेला कधी नव्हे ते मागं टाकलं.

"आपको... इसका मतलब पता है?"

बाई वळल्या. त्या सोनम चावला. सरोजिनी नगरच्या बाजारात त्यांचं मुलांच्या कपड्यांचं दुकान होतं. "मतलब बाबाजी को पता है. मुझे तो याद है," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "अच्छा, आप मराठी हो ना? एक बात बताओ. वो जो भक्तिन है, जिसे गुरु वापस घर भेज देते हैं. रास्ते में वो हँसती क्यों है? लोग तो रोते हैं जी."

पद्माकररावांनी उत्तराला तोंड उघडलं, आणि अर्ध्या वाक्यात त्यांच्या ध्यानात आलं की आपल्याला माहीत नाही. पोथीतली ती गोष्ट त्यांनी शंभरदा वाचली असेल. हसण्यापाशी ते कधी थांबलेच नव्हते.

"मुझे नहीं मालूम."

"मराठी हो के?"

"हो के भी."

"तो ढूंढो! अगले इतवार पूछूंगी," असं म्हणून बाई रिक्षाकडे पळाल्या. रविवारी बाजारात पाय ठेवायला जागा नसते, दुकान उघडायचं होतं.

घरी येऊन पद्माकररावांनी पलंगाखालची पुस्तकं बाहेर ओढली. लतिकाबाईंनी कारण विचारलं, त्यांनी सांगितलं. "त्यात काय शोधायचंय?" त्या म्हणाल्या. "चालून चालून पाय दुखले असतील. सुटली बाई, म्हणून हसली!" पण गुरुवारी डाळ निवडताना त्याच मध्येच म्हणाल्या, "अहो, ती हसली तेव्हा एकटी होती का हो?" आणि पुढच्या रविवारी, गुडघे दुखतात म्हणून एरवी घरी बसणाऱ्या लतिकाबाई आश्रमात आल्या.

पायरीवर तिघांची बैठक जमली. उत्तर कुणालाच सापडलेलं नव्हतं. सोनमबाई म्हणत होत्या की ती रागानं हसली. लतिकाबाईंना ते मुळीच मान्य नव्हतं. एकीची मराठी, दुसरीची हिंदी. भांडण मात्र अस्खलित चाललं होतं. त्या गडबडीत पद्माकरराव हळूच मासिकाबद्दल बोलून गेले. "पण ते मराठीत आहे," त्यांनी घाईनं पुस्ती जोडली, जणू काही चूकच सांगतोय.

"तो? अक्षर तो वही हैं. मुझसे पूछा क्यों नहीं?"

सारी दिल्ली पालथी घातली होती पद्माकररावांनी. ज्यांच्याबरोबर बसून इतकी वर्षं मराठीच सूत्रं म्हटली, त्यांना विचारावं हे डोक्यात का आलं नसेल?

"मेरा काम मैं बताती हूँ," सोनमबाई म्हणाल्या. "हर लेख पहले मुझे सुनाना. जो समझ में नहीं आया, वापस! ग्राहक कपड़ा वापस करता है ना, वैसे."

"और इतवार को दुकान?"

"बेटा देखेगा. कब सीखेगा नहीं तो?"

"मग दर रविवारी मीही येणार," लतिकाबाई म्हणाल्या.

गोकुळाष्टमीला पद्माकरराव बाबांसमोर उभे राहिले. मागं दोघीजणी होत्या.

"दोन," बाबा म्हणाले. "मी तीन म्हणालो होतो."

"हो, बाबा." बाकीची नावं खिशात होती, पण ती काढायला त्यांचा हात होईना.

"या दोघी कशा तयार झाल्या?"

पद्माकररावांनी तो प्रश्न सांगितला. बाबांनी तो डोळे मिटून ऐकला आणि ते शांतपणे म्हणाले, "गुरूची आज्ञा मिळाली, याचा तो आनंद."

दालनात बसलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. सोनमबाईंनी मात्र डोलावली नाही. "जँचा नहीं, बाबाजी. घर जाने की आज्ञा पे कौन हँसता है?"

बाबांची नजर पद्माकररावांवर आली. "तुम्हाला काय वाटतं, ठोसर?"

हो म्हटलं असतं तर कदाचित दोनावर भागलंही असतं. जन्मभर पद्माकररावांनी कुणाला नाही म्हटलं नव्हतं, आणि म्हणायची वेळ आली ती थेट महंतांना, मासिक हातातोंडाशी असताना. पण ती बाई अजून त्या वाटेवर हसतच होती, आणि का, ते त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"मलाही नाही पटलं, बाबा," ते म्हणाले. "पण माझ्याकडेही उत्तर नाही."

बाबांनी समोरची चटई पुढं सरकवली. "बसा. तुमच्या पहिल्या अंकात हाच प्रश्न घ्या. माझं उत्तर छापा, आणि त्याखाली लिहा, दोघांना पटलं नाही."

"तिघांना," लतिकाबाई मागून म्हणाल्या.

"तिघांना," बाबांनी मान्य केलं.

"पण तिसरा माणूस, बाबा?" पद्माकररावांनी चाचरत विचारलं.

"तो हे वाचून भांडायला येईल," बाबा म्हणाले. "आला की सोडू नका त्याला."