पोटावरची पिशवी

बुधवारा मोहल्ल्यातले कापड दुकानदार यादवराव सोवळ्याचे पक्के. आंघोळीशिवाय देवघरात पाऊल नाही, आणि पूजा आटोपली की मात्र ओटीवर बिडी! असतो एकेकाचा नेम. लघवी लाल झाली तेव्हा त्यांनी ते उष्णतेवर ढकललं आणि सब्जाचं सरबत सुरू केलं. दुखत तर नव्हतं काही! रक्त आपोआप थांबायचं, पुन्हा यायचं. थांबलं की सब्जाचं कौतुक व्हायचं आणि आत गाठ वाढत राहायची.

शेवटी मुलगा पंकज त्यांना इंदूरला घेऊन गेला. दुर्बिणीतून गाठीचा तुकडा काढून तपासला. मूत्राशयाचा कॅन्सर निघाला. सर्जनबाईंनी चित्र काढून समजावलं.

"गाठ मूत्राशयाच्या स्नायूत शिरलीय, नुसती खरवडून भागणार नाही. मूत्राशय, खालची प्रोस्टेट ग्रंथी, सगळं काढावं लागेल. आतड्याच्या तुकड्यातून लघवीला पोटावर वाट करून देऊ. तिथे बाहेरून पिशवी लावायची. कॅन्सर अजून बाहेर पसरलेला नाही, उशीर मात्र करू नका. आणि बिडी आजपासून बंद! या कॅन्सरचं ते मोठं कारण आहे."

घरी येताच यादवरावांनी हात झटकले. "नाही करायचं मला ऑपरेशन!"

"बाबा, मॅडम साफ बोलल्या ना, टाइम नहीं है!" पंकज रडकुंडीला आला.

"अरे, पोटावर मूत बांधून देवापुढे बसू? त्यापेक्षा मेलेलं बरं!"

सुलभाबाई मेथी निवडत होत्या. नवऱ्यापुढे त्यांनी कधी आवाज चढवला नव्हता. आजही चढवला नाही.

"अहो, लग्न झाल्यापासून महिन्याचे चार दिवस मला बाहेर बसवलंत. आता सुनेला बसवता. बघा, आजही ओटीवर बसलीय. आम्ही कधी म्हटलं का, मेलेलं बरं?"

"ते वेगळं."

"काय वेगळं? तिचं शरीर त्याचं काम करतंय, तुमचंही करेल. फक्त वाट बदलेल. पिशवी नीट लावायची, हात धुवायचे, झालं! देवाला कसलं वावडं? वावडं तुम्हाला आहे. आणि त्यापायी मी तुम्हाला मरू देऊ? छट्! मला तुम्ही पाहिजे, पिशवीसकट!"

यादवरावांनी ओटीकडे पाहिलं. सून तेजस्विनी भिंतीला टेकून, मान खाली घालून बसली होती. स्वतःच्याच घरात! इतकी वर्षं हे रोजचंच वाटत आलं होतं. आज त्या जागी त्यांना स्वतःला बसवून बघावं लागलं, आणि त्यांना लाज वाटली.

"तेजस्विनी, बेटा, आत ये," ते कसेबसे म्हणाले. "आणि पंकज, इंदूरला फोन लाव."

ऑपरेशन मोठं होतं, सावरायलाही बराच वेळ गेला. आता सदऱ्याखाली पिशवी लावून यादवराव दुकानात बसतात, तपासणीला इंदूरला जातात. गिऱ्हाइकाने तब्येतीचं विचारलं तर पिशवीचंही आवाज न दाबता सांगतात.

मंडळी, लघवीतून रक्त एकदाच आलं, अजिबात दुखलं नाही, तरी ते उष्णतेवर ढकलू नका. डॉक्टरकडे जा! आणि सोवळ्याच्या नावाखाली कुणाला घराबाहेर बसवू नका, आजाऱ्याला नाही आणि बाईला तर नाहीच. यादवरावांना सर्जनबाईंनी वाचवलं हे खरं, पण ऑपरेशनच्या टेबलापर्यंत त्यांना नेलं ते सुलभाबाईंनी.