तिसरी मैत्रीण

गार्गीच्या घरी सांगितलं होतं की श्रीलंकेला तीन मुली जाणार आहेत. गार्गी, मी आणि प्रज्ञा. प्रज्ञा नावाची मुलगी आमच्या वर्गात नव्हतीच. होता तो प्रशिक.

आमचं तिघांचं जमलं अकरावीत. मी खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या कॉलनीतून रोज बसने नागपूरला यायची, गार्गी शहरातल्याच महाल भागातून, प्रशिक इंदोऱ्याच्या बौद्ध वस्तीतून. प्रॅक्टिकलला एकाच टेबलावर आलो आणि मग कॉलेजसमोरच्या ठेल्यावर तर्री-पोहे खायलाही एकत्रच जाऊ लागलो. एकदा मी म्हटलं, डिग्री झाली की कुठंतरी जाऊ, मनालीला जाऊ, बर्फ पाहू. प्रशिक हसला.

"मनालीत मले न्यायचं तर ॲम्ब्युलन्स बी बुक करा."

त्याला सिकलसेल होता. हे त्याने कधी लपवलं नाही. थंडी वाजली, दगदग झाली, पाणी कमी पडलं की त्याच्या हाडांत कळा सुरू व्हायच्या आणि चार-पाच दिवस तो सरकारी दवाखान्यात सलाईन लावून पडलेला असायचा. आम्ही भेटायला गेलो की आम्हालाच हसवायचा. "आराम करून राहिलो ना बे, तुम्ही काहून तोंड पाडून बसल्या?"

पंधरवड्याने गार्गी म्हणाली, "श्रीलंकेला जाऊ या. तिथे थंडी नाही. समुद्राच्या अगदी काठाने आगगाडी जाते. विमानाचा प्रवासही छोटा आहे." आणि मग, "मी त्याच्या डॉक्टरांना विचारलं. नीट काळजी घेतली तर चालेल म्हणाले."

डॉक्टरांना विचारायला ती एकटी गेली होती. मी तेव्हाच समजले. प्रशिकही समजला असावा, कारण त्याने पोह्याच्या प्लेटमधून मान वर काढली नाही.

त्यानंतरची वर्षं आम्ही त्या सहलीसाठी जगलो म्हटलं तरी चालेल. मी कॉलनीतल्या पोरांच्या शिकवण्या घेतल्या. गार्गी लग्नसराईत मेंदी काढायची. प्रशिक लग्नांचे व्हिडिओ एडिट करायचा आणि नवरदेवाच्या मामांचा नाच आम्हाला मोबाइलवर दाखवायचा. पैसे माझ्या खात्यात जमा व्हायचे, कारण गार्गीचं पासबुक तिच्या बाबांकडे असे. पासपोर्ट काढायला आम्ही एकाच दिवशी गेलो. फोटोत प्रशिक इतका गंभीर आला होता की गार्गी म्हणाली, "या माणसाला कुठलाच देश आत घेणार नाही."

गार्गीचे बाबा, श्रीधरकाका, वाईट माणूस नव्हते. कोषागारात कारकून, सरळमार्गी. लेकीने जग पाहावं असं त्यांनाही वाटायचं. पण मुलगा सोबत असता तर त्यांनी नाही म्हटलं असतं, आणि इंदोऱ्याचा मुलगा म्हटल्यावर घरात काय झालं असतं ते गार्गीला ठाऊक होतं. जातीबाहेर लग्न करू पाहणाऱ्या चुलतबहिणीचं झालेलं तिने पाहिलं होतं. म्हणून प्रज्ञा. प्रशिकला हे कळलं तेव्हा तो मोठ्याने हसला, पण घरी जाताना माझ्याशी बोलता बोलता म्हणाला, "मयुरा, आपण तिथं गेलो ना, की मी तिचा हात धरून फिरणार आहो. तिथं कोणी पाहून राहिलं तरी काय फरक पडते?"

शेवटच्या वर्षी जानेवारीत कडाक्याची थंडी पडली. संक्रांतीच्या आठवड्यात प्रशिकला दवाखान्यात ठेवलं. नेहमीचंच असेल असं आम्हाला वाटलं. पण या वेळी कळ छातीत होती. दुसऱ्या दिवशी त्याला श्वास घेता येईना. आयसीयूच्या बाहेर त्याचे वडील बाबाराव भिंतीला टेकून उभे होते. ते शाळेची व्हॅन चालवायचे. अंगावर अजून खाकी शर्ट होता. त्याची आई उत्तराताई बाकावर बसून होती. गार्गी तिच्या शेजारी बसली. सात वाजता गार्गीच्या आईचा फोन आला: कुठं आहेस, उशीर का? ती म्हणाली, "लायब्ररीत." आणि उठली. उठताना उत्तराताईने तिचा हात धरला आणि सोडला.

पहाटे प्रशिक गेला.

अंत्ययात्रेला वर्गातली सगळी मुलं आली होती. गार्गीही त्यांच्यातच उभी होती, मागे, पांढरी ओढणी घेऊन. कोणी तिच्याकडे वेगळं पाहिलं नाही. का पाहावं? आमचे सर माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तू त्याची जवळची मैत्रीण होतीस ना, धीर धर." गार्गी माझ्या बाजूलाच होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिच्या घरी हळदीकुंकू होतं. मी मुद्दाम गेले, तिला एकटीला सोडवेना म्हणून. ती काठापदराची साडी नेसून दारात उभी होती. येणाऱ्या प्रत्येक बाईला हळदीकुंकू लावत होती, तिळगूळ देत होती, गोड बोला म्हणत होती. एक शेजारीण म्हणाली, "पुढच्या वर्षी हिच्या सासरी यायचं गं आम्ही!" सगळ्या हसल्या. गार्गीही हसली. तिचं कुंकू लागलेलं बोट मात्र तसंच हवेत राहिलं.

मृत्यूनंतरचा जलदानविधी झाल्यावर आम्ही दोघी इंदोऱ्याला गेलो. प्रशिकच्या वाट्याचे पैसे मी पाकिटात घालून नेले होते. उत्तराताईने पाकीट उघडलंही नाही.

"हे त्यानं घरासाठी नव्हतं ठेवलं," ती म्हणाली. "तुमच्यासंगं जायचं होतं त्याले. मले नको."

"मावशी, आता आम्ही कुठं जातो?" मी म्हटलं.

ती गार्गीकडे पाहत होती. मग मला म्हणाली, "मयुरा, जरा चहा ठेवते काय वं? साखर डब्यात हाय." मी आत गेले. चहाला आधण आलं तरी बाहेरून आवाज नाही. दारातून पाहिलं तर गार्गीचं डोकं उत्तराताईच्या मांडीवर होतं आणि ती तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणत होती, "मले सांगलं होतं त्यानं. सगळं सांगलं होतं." गार्गी थरथरत होती, पण तोंडातून आवाज निघत नव्हता. इतक्या दिवसांत आवाज दाबून रडायचीच तिला सवय झाली होती. आणि साडेसहाला तिला उठावंच लागलं.

परीक्षा झाली. कशी झाली ते विचारू नये. सहलीचा विषय मी मनातून काढून टाकला होता. एके दिवशी गार्गीचा फोन आला.

"बाबा विचारत होते, तिकिटं काढली का म्हणून. म्हणाले, एवढी वर्षं साठवलंत, आता जाऊन या."

"मग? काय सांगलं तू?"

"प्रज्ञाला जमणार नाही म्हणून सांगितलं. ते म्हणाले, अरेरे, बिचारी." मग ती म्हणाली, "मयुरा, आपण जाऊ."

"तो नाही तर कशाले जायचं गं?"

"मला रडायचंय. घरी नळ सोडून रडते, तरी आई दार वाजवते. कॉलेजात मी कोण? तू जवळची मैत्रीण, आणि मी वर्गातली एक. जिथे मला कोणी ओळखत नाही अशा ठिकाणी मला ने."

म्हणून आम्ही गेलो. चेन्नईमार्गे कोलंबो आणि तिथून समुद्राकाठच्या गाडीने दक्षिणेला. जूनचे दिवस होते, समुद्र खवळलेला होता, आणि ज्या लहानशा गावात आम्ही उतरलो तिथे आमच्याशिवाय पाहुणा नव्हता. गाडीत गार्गी खिडकीशी बसली आणि पूर्ण वाट शांत होती. मला वाटलं, इथंही हिला रडू येणार नाही, एवढ्या दूर येऊन उपयोग झाला नाही.

खोलीत पोचलो. तिने बॅग ठेवली, चप्पल काढली, पलंगावर बसली आणि ओरडली. मी माणसाचा असा आवाज त्याआधी ऐकला नव्हता. त्याचं नाव घेऊन ती रडत होती, मोठ्याने, खिडक्या उघड्या टाकून. मी दार लावायला गेले तर म्हणाली, "राहू दे."

आवाज ऐकून घरमालकीण धावत आली. साठीची सावळी बाई, मोडकंतोडकं इंग्रजी बोलणारी. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग गार्गीच्या शेजारी बसली आणि तिचा हात हातात घेऊन हळूच विचारलं, "हजबंड?"

गार्गीने तिच्याकडे पाहिलं. आणि मान हलवली. "येस," ती म्हणाली. "माय हजबंड."

त्या बाईने काही विचारलं नाही. इतकी लहान मुलगी, गळ्यात काही नाही, तरी नाही. तिने गार्गीला जवळ ओढलं आणि स्वतःच्या भाषेत काहीतरी पुटपुटत राहिली. संध्याकाळी ती आमच्यासाठी भात घेऊन आली आणि गार्गीसमोर बसून तिला दोन घास जास्तीचे खायला लावले. विधवा झालेल्या लेकीला आई भरवते तसं. आम्ही तिथे होतो तोवर ती रोज तसंच करत राहिली. आम्ही कुठलंही ठिकाण पाहिलं नाही. गार्गी रडायची, झोपायची, उठून समुद्राकडे बघत प्रशिकबद्दल बोलायची. मला माहीत नसलेल्या कितीतरी गोष्टी तिने सांगितल्या. मला स्वतःला रडायला सुचलं ते शेवटच्या दिवशी, आणि मग तिने मला धरलं.

नागपूरला विमानतळावर श्रीधरकाका आणि काकू घ्यायला आले होते. काकूंनी लेकीचा चेहरा पाहिला. "डोळे किती लाल झालेत गं!"

"समुद्राचं पाणी गेलं," गार्गी म्हणाली.

"मजा आली ना पण?" काकांनी तिची बॅग उचलली. त्यांच्या चेहऱ्यावर खरंच आनंद होता. त्यांची लेक परदेश पाहून आली होती.

"हो बाबा. खूप."

मग ती गाडीत मागे बसली, आणि काकांनी विचारलेल्या प्रत्येक गोष्टीचं, तिथलं जेवण कसं होतं, माणसं कशी होती, हवा कशी होती, याचं तिने नीट उत्तर दिलं. माणसं फार चांगली होती, ती म्हणाली. मी शेजारी बसून ऐकत होते. काकूंनी पुढच्या सीटवरून मागे वळून सांगितलं की रविवारी अमरावतीची मंडळी तिला पाहायला येणार आहेत, म्हणून चेहरा जरा नीट कर. गार्गी बरं म्हणाली आणि काच खाली करून बाहेर पाहू लागली.