इतवारीचा ढेकर

गुणवंतरावांना सोडा दिला असता तर दसरूचा फायदा सरळ होता: एका बाटलीचे पैसे लगेच, आणि ढेकर आला की माणूस खूश होऊन दुसरी मागतोच, तिचे वेगळे. शिवाय गुणवंतराव म्हणजे कोरपन्याच्या आठवडी बाजारातलं बोलकं गिऱ्हाईक. ते बाकावर बसले की चार जण ऐकायला बसत आणि ऐकता ऐकता पीत. एवढं सगळं समोर असताना दसरूनं बाटली पुन्हा बर्फात ठेवली.

"सोडा नाई भेटत भाऊ. दवाखान्यात चला."

"काऊन? मले गॅस झाला गा, बाळंतपण नाई."

बाक हसला. दसरूची ही खोड बाजाराला ठाऊक होती. छाती चोळत कुणी सोडा मागितला की तो देत नसे. अशा दोघांना त्यानं दवाखान्यात धाडलं होतं आणि दोघांनाही गॅसच निघाला होता. त्यातल्या एकानं तर परत येऊन शेजारच्या गाडीवर, दसरूला दिसेल असा उभा राहून, सोडा प्यायला होता. ती गोष्ट गुणवंतरावच रंगवून सांगत. दसरूची बायको कमला विचारायची, विकायच्या नाहीत तर बाटल्या काय पूजेला मांडल्या?

आजही तिनं बर्फाकडे हात नेला. मग तिला दिसलं. पौषातली सकाळ, सगळा बाजार स्वेटर-मफलरीत, आणि गुणवंतरावांचा सदरा घामानं पाठीला चिकटलेला. तिनं हात मागे घेतला आणि ऑटोवाल्याला हाक मारली.

"इतवारीले असाच घाम होता," दसरू म्हणाला.

इतवारी त्याचा थोरला भाऊ. तीन वर्षांपूर्वी याच बाकावर त्यानं सोडा मागितला होता. दसरूनं हौसेनं काळं मीठ जास्त घातलं. मोठा ढेकर आला. "मोकळं वाटते गा," म्हणत इतवारी निघाला आणि नाक्याच्या वळणावर सायकलीसकट पडला, तो उठलाच नाही.

गुणवंतराव उठले, दसरूही सोबत निघाला. तरी ऑटोत चढताना, गॅस निघाला तर वर्षभर फुकट पाजायचं, हे त्यांनी दसरूकडून कबूल करून घेतलंच.

दवाखान्यात ईसीजीची पट्टी निघता निघता त्यांचं हृदय थांबलं. डॉक्टरीणबाईंनी छाती दाबली, यंत्राचा झटका दिला, पुन्हा दाबली. दुसऱ्या झटक्याला ते परतले. चंद्रपूरला रवाना केल्यावर बाई दसरूला म्हणाल्या की बहुतेक लोक गॅस समजून घरीच बसतात आणि इथपर्यंत पोचतच नाहीत.

होळीच्या आधी गुणवंतराव पुन्हा बाकावर आले. मीठ बंद, म्हणून दसरूनं साधं पाणी दिलं. आता छातीवर हात ठेवणाऱ्याला दसरूच्या आधी तेच हाकलतात, तेही आवाज चढवून.

"तू नको फुगू," ते म्हणाले. "मले तू नाई वाचवलं. इतवारीनं वाचवलं."

"मंग पाण्याचे पैसे त्याच्या नावावर मांडू का?"

गुणवंतराव हसले, आणि हसताना त्यांनी बरगडी धरली.

हिशेब तसा सोपा होता. ऐन बाजाराच्या दिवशीचा धंदा दसरूचा बुडाला. ऑटोचं भाडं कमलानं दिलं. गुणवंतरावांनी छाती दाबताना मोडलेल्या दोन बरगड्या दिल्या. आणि तीन वर्षांपूर्वीच्या त्या सोड्याचे पैसे इतवारीनं तेव्हाच, दसरू नको नको म्हणत असताना, मोजून गाडीवर ठेवले होते.