ताजनापेठेत राहिलेली कवळी

बुधवार, २१ नोव्हेंबर १९६२. सकाळी सातच्या सुमारास अकोल्याच्या ताजनापेठेत एका दातांच्या दवाखान्यासमोर पोलिसांची गाडी थांबली. डॉक्टर ल्यू दाढी करत होते. त्यांना तसंच खाली बोलावलं, दवाखान्याला कुलूप लावून सील ठोकलं, आणि गाडी त्यांना घेऊन पोलीस स्टेशनकडे गेली.

जठारपेठेत गोदावरीबाईंना ही बातमी मोलकरीण पार्बताबाईनं दिली, भांडी घासता घासता.

"तुमच्या चिन्याले धरून नेलं, बाई. इकडे तुमाले श्वास घ्याले शिकवे, न् तिकडे त्याचे लोक आपल्या पोरायले मारून राह्यले."

"त्यांचे कुठले लोक? कलकत्त्यात जन्मले ते," गोदावरीबाई म्हणाल्या. तोंडात कवळी नव्हती, जीभ अजून जड होती. पार्बताबाईला निम्मंच कळलं असावं.

उन्हाळ्यात गोदावरीबाईंचं डावं अंग गेलं होतं. तोंड वाकडं झालं आणि कवळी बसेनाशी झाली, म्हणून त्यांचे यजमान हरिहरपंत ल्यू डॉक्टरांना घरी घेऊन आले. डॉक्टरांनी जबड्याखाली दोन बोटं धरली आणि बराच वेळ तशीच ठेवली. मग कवळीचं राहिलंच बाजूला.

"मास्तर, बाईचा श्वास गळ्यातच अडकून राह्यला," ते म्हणाले. अकोल्यात वीस वर्षं काढल्यामुळे ते पेठेतल्यासारखंच बोलत. "खाली उतरतच नाही. हात कसा आयकंल?"

तेव्हापासून ते सकाळी दवाखाना उघडण्याआधी येऊ लागले. गोदावरीबाईंना ओसरीवर टेकून बसवायचे. डावा हात मांडीवर उताणा. सांगणं एवढंच, की मन तळहातावर नेऊन ठेवा आणि श्वासाला त्याच्या मर्जीनं येऊ द्या.

"जिथं मन बसते तिथं वारा जाते. आमी त्याले ची म्हंतो. वारा गेला का मांगून रगत जाते. हात सगळ्यात शेवटी येते. त्याले हाका मारू नका."

हरिहरपंत चाळीस वर्षं संस्कृत शिकवून निवृत्त झालेले. त्यांना राहवलं नाही. "म्हणजे आमचा प्राणायामच की हा."

"असंल, मास्तर. पण तुमी नाक दाबता."

गोदावरीबाईंना हसू आलं. ओठाचा उजवाच कोपरा हलला, पण हसू आलं.

एकदा डॉक्टरांनी आपल्या घरचं सांगितलं. आई ताओ पंथ मानणारी. ती म्हणे, श्वासाची ही ताकद बेंबीखाली साठव, म्हातारपणी कामी येईल. बाप बुद्धाचा; तो म्हणे, साठवणारा कोण आहे ते आधी पाहा. श्वास आला, पाहिला. गेला, जाऊ दिला. दोघांचं जन्मभर यावरून भांडण.

"मग तुम्ही कोणाचं ऐकता?" गोदावरीबाईंनी विचारलं.

"दात उपटतानी मायचं," डॉक्टर म्हणाले. "बायको गेली तवा बापाचं."

गोदावरीबाईंना एकच गोष्ट हवी होती. देवापुढच्या वाती त्या लग्नापासून स्वतः वळत. डाव्या चिमटीत कापूस धरता आला, की पुरे. दिवाळीला अंगठा आणि तर्जनी उघडली. वात झाली ती एका बाजूला जाड, पण झाली. हरिहरपंतांनी ती समईत लावली.

आणि धरून नेण्याच्या आदल्याच दिवशी, मंगळवारी, डॉक्टर कवळी घेऊन गेले होते. "तोंड सरळ होऊन राह्यलं, बाई. आता हे घासा लागंल."

गुरुवारच्या पेपरात आलं, की चीननं लढाई थांबवली आहे. गोदावरीबाईंनी ते दोनदा वाचायला लावलं.

"थांबली ना? मग पोलिसांना जाऊन सांगा तुम्ही. आपल्या घरी येत होते, आपण ओळखतो, म्हणून सांगा."

हरिहरपंतांनी कोट घातला, टोपी घातली. कोपऱ्यावर कमलाकांत वकील भेटले. कुठे निघालात विचारलं आणि ऐकून जवळ सरकले. "पंत, पेन्शनीवर जगणारी माणसं तुम्ही. बाजू घ्यायला गेलात, तर आधी तुमचं नाव लिहून घेतील."

दुपारी पंत परतले.

"सील निघेपर्यंत कवळी मिळायची नाही म्हणतात."

"आणि डॉक्टर?"

पंतांनी टोपी खुंटीला लावली. लावलेली काढून पुन्हा नीट लावली.

"कवळीचं विचारलं," ते म्हणाले.

गोदावरीबाई त्यांच्याकडे पाहत राहिल्या. मग भिंतीकडे पाहू लागल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटेच पंत आंघोळ करून ओसरीवर येऊन बसले. खंड पडू द्यायचा नाही, मी आहे ना, म्हणाले. बायकोच्या नाकपुड्या त्यांनी स्वतःच्या बोटांनी दाबल्या आणि मुंजीत शिकल्याप्रमाणे मंत्र म्हणू लागले. मंत्र संपेपर्यंत श्वास कोंडून धरायचा. रोज थोडा जास्त. पंतांचा आवाज चढत गेला. आता बोटांना हुकूम द्यावा तसे ते बोलत: उघड, उघड. गोदावरीबाईंनी नाही म्हटलं नाही. नवऱ्याच्या डोळ्यांत काय आहे, ते त्यांना दिसत होतं. छातीत मात्र दगड चढल्यासारखं होई, आणि मन तळहाताकडे जाण्याऐवजी ताजनापेठेतल्या त्या कुलपाशी जाऊन बसे.

संक्रांतीपर्यंत तर्जनी मिटली. मग अंगठा तिच्याखाली गेला.

"मूठ वळली तुमची," पार्बताबाई म्हणाली. आता ती टोमणे मारत नव्हती. "कावून दाबता, मास्तर? तो तं दाबू नका म्हने."

पंतांचा हात नाकाशी तसाच राहिला, मग मांडीवर आला. त्या दिवसापासून ते नुसते शेजारी बसू लागले. वाती पार्बताबाई वळू लागली.

डॉक्टरांना राजस्थानातल्या छावणीत ठेवलंय, एवढं कमलाकांत वकिलांना कळलं. पुढच्या वर्षी ते म्हणाले, की छावणीतल्या पुष्कळांना मद्रासहून बोटीनं चीनला पाठवलं. त्यात वऱ्हाडातला एक दातांचा डॉक्टर होता. तो ल्यू की दुसरा कोणी, हे सांगणाऱ्याला ठाऊक नव्हतं.

१९६४ च्या दिवाळीत हरिहरपंत पुन्हा चौकशीला गेले. या वेळी त्यांनी डॉक्टरांचं विचारलं. शिपायानं पंतांचंच नाव-गाव लिहून घेतलं आणि बसायला सांगितलं. संध्याकाळी, उद्या या, म्हणाला. परतताना ते ताजनापेठेवरून आले. सील तसंच होतं. कवळी आत होती.