वाळेपर्यंत

झिपरीने मामाची मान धरून खाली दाबली, टाळूवरची एक ओली बट बोटांत पिळली आणि तिचं टोक तेवढं कापलं. मग दुसरी. कात्री आडवी नाही, उभी. फरशीवर पडत होते ते केस चिमूटभर होते.

"अजून काप की," मामा खालूनच म्हणाला.

"नाही."

"अगं, निम्मं रान तसंच आहे डोक्यावर."

"असू दे. हलू नको."

शेजारच्या खुर्चीवर मात्र जोरात काम चाललं होतं. चकचकीत जाकीट घातलेला एक पोरगा आपल्या मित्राच्या डोक्यात दातेरी कात्री घालून खर्र खर्र फिरवत होता आणि केसांचे पुंजके खाली पडत होते. झिपरीने आल्या आल्या मनात त्याचं नाव चकचक्या ठेवलं होतं.

सलूनची तिसरी खुर्ची रिकामी होती आणि ती झिपरी आणि चकचक्या या दोघांपैकी एकाला मिळणार होती. मालकाने दोघांना सांगितलं होतं, आपापलं डोकं घेऊन या, पण दाट केसांचं. हल्ली पोरं मोबाइलवर फोटो दाखवतात. केस विस्कटलेले, पण नीट. कोणी हातच लावला नाही, असे. दाट केसांवर ते ज्याला जमेल त्याची खुर्ची.

झिपरीने मामाला आणला. मामा बेकरीत भट्टीवर काम करायचा आणि दिवसभर जाळीची टोपी घालायचा. टोपी काढली की डोक्यावर जे उभं राहायचं त्याला सगळं घर पायपुसणं म्हणायचं. आईच्या माहेरचे केस. झिपरीचेही तेच, नाव काही उगाच पडलं नव्हतं. शाळेत असताना तिने ते पिनांनी दाबले, तेलाने चोपडले, एकदा रागाने स्वतःच भादरले. शाळा सुटली, केस राहिले. कुठे किती कापलं की कुठे उठतं हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, ते ती आरशासमोर शिकली होती.

खर्र खर्र झालं की तिचा जबडा आवळायचा. मुळाशी तोडलेले ते आखूड केस चार दिवसांत ताठ होणार, लांब केसांना खालून ढकलणार आणि त्या पोराचं डोकं फुगणार. तिला बोलायचं होतं. पण आधीच्या दोन सलूनांतून ती बोलूनच बाहेर पडली होती. एकीकडे तर पाण्याची बाटलीही फेकून. म्हणून आज दारातच मामाने बजावलं होतं, "हात चालव. तोंडाला कुलूप."

तिने कात्री ठेवली, टॉवेलने मामाचे केस टिपले, घासले नाहीत, आणि बोटं घालून मुळापासून दोनचारदा उचलले. मग खुर्ची उघड्या दाराकडे वळवली.

"झालं," ती म्हणाली.

मालक आला. गोल, घाईचा माणूस, मानेवर चष्म्याची दोरी. त्याने मामाभोवती एक चक्कर मारली.

"काय झालं? ओलं आहे हे."

"वाळलं की बसेल."

"मग ड्रायर मार."

"नको."

"नको म्हणजे?"

"ड्रायर मारला तर आत्ता छान दिसेल. उद्या हा उठेल तेव्हा घरी तुमचा ड्रायर नाही. मला उद्याचं दाखवायचंय."

मालकाने चष्मा नाकावर चढवला. बाकावर तीन गिऱ्हाइकं बसली होती, तीही बघायला लागली.

"किती वेळ?"

"वाळेपर्यंत."

बाकावरचं एक गिऱ्हाईक हसलं. शेजारी चकचक्याने ड्रायर सुरू केला. गरम वारा, वर मेणासारखं काहीतरी तळहातावर चोळून केसांत, एक बट कपाळावर ओढून अगदी चुकून पडल्यासारखी. मित्र आरशात मान वळवून वळवून बघू लागला. दिसत होतं चांगलं, झिपरीलाही मान्य करावं लागलं. आणि मामा दारात बसला होता, पावसात सापडलेल्या कोंबड्यासारखा.

"मार की बये ड्रायर," मामा कुजबुजला. "त्यांचं ऐकलं तर काय बिघडतं?"

"तू गप बस. आणि हात लावू नको डोक्याला."

मालक थांबला. अगदी थांबला नाही असं नाही. बाकावरच्या एकाची दाढी केली, पैसे घेतले, परत आला. मामाच्या कानामागचे केस वाळायला लागले होते, वरचे अजून चपटे होते.

"हे बघ," तो आवाज खाली आणून म्हणाला, "कापलं असशील चांगलं. मला दिसत नाही. मला दिसत नाही ते गिऱ्हाइकाला काय दिसणार? खुर्ची त्याची."

मामाने डोळे मिटून घेतले, आता बाटली कुठल्या बाजूने उडतेय याची वाट बघत. पण झिपरी वाकली, कात्री पुसली, कंगवा पुसला, दोन्ही कापडात गुंडाळले. गाठ मारली. मग चकचक्याच्या मित्रासमोर उभी राहिली.

"पुढच्या आठवड्यात डोकं फुगलं तर टोपी घाल," ती म्हणाली. "मशीन मारू नको. वाढू दे."

रस्त्यावर ती मामाच्या दहा पावलं मागे चालत होती. मामाची दुपारची पाळी होती. त्याला उशीर होत होता, पण तो मुद्दाम हळू चालला होता.

"एकदा ड्रायर मारला असतास तर खुर्ची होती," तो मागे न बघता म्हणाला.

"होती."

"मग?"

"मग उद्या सकाळी तूच मला शिव्या घातल्या असत्यास."

"मी? मी आयुष्यात कधी आरशात बघतो का?"

ती हसली नाही. वारा समोरून येत होता. पुलावर चढताना मामाची डावी बाजू मोकळी झाली, पूल उतरताना मागची. एकेक बट सुटत होती आणि जिथे जायचं तिथे जात होती. भोवऱ्यापाशी केस उभे राहायला निघाले, वरच्या बटेच्या वजनाने वळले आणि आडवे झाले. झिपरीचा राग तोपर्यंत तिच्या पावलांत होता. तिथे तिची चाल बदलली. ती पुढे गेली, मामाच्या बरोबरीने चालायला लागली.

"काय बघतेस?"

"काही नाही. चल."

बेकरीच्या मागच्या गेटाशी म्हातारा वॉचमन प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसला होता. मामाला बघून त्याने रोजच्यासारखं तोंड उघडलं, "या पायपु..." आणि तिथेच थांबला.

"काय रे? दुसरं लग्न ठरवलंस काय?"

"पहिलीला विचारून सांगतो."

"केस विंचरलेस?"

"नाही."

"काही लावलंयस?"

"नाही रे बाबा."

वॉचमन उठला. मामाभोवती फिरला. एका बोटाने हळूच केस ढकलून पाहिले. ते परत आले.

"काही केलेलं दिसत नाही," तो म्हणाला. "पण माणूस बरा दिसतोय."

मामाने गेटावरच्या पत्र्याच्या चौकटीतल्या आरशात डोकावलं. नुसतं डोकावणार होता, पण तिथेच राहिला. दोन्ही बाजूंनी पाहिलं. हात वर गेला, पण डोक्याला लावला नाही.

"ही माझी भाची," तो आरशातूनच म्हणाला. "हिने कापले."

वॉचमनने टोपी काढली. खाली पांढरे केस, दाट, टोपीच्या कडेने गोल दाबलेले आणि पुढून छपरासारखे बाहेर आलेले. झिपरीने विचारलंही नाही. तिची बोटं आत गेली.

"कोण कापतं?"

"बायको. मशीनने."

"दोन भोवरे आहेत तुम्हाला. समोरासमोर. म्हणून पुढे ढकलले जातात. मशीन कितीही मारा."

"साठ वर्षं मला कोणी सांगितलं नाही."

"बायकोचा दोष नाही."

वॉचमनने टोपी हातात फिरवली. "दुकान कुठंय तुझं, पोरी?"

मामा आरशापासून वळला. काहीतरी ठोकून द्यायला त्याने तोंड उघडलं. झिपरी त्याच्या आधी बोलली.

"नाही. कात्री आहे."

वॉचमनने एकदा तिच्या हातातल्या गुंडाळीकडे पाहिलं, एकदा गेटाकडे. मग आपली प्लॅस्टिकची खुर्ची उचलली, भिंतीच्या सावलीतून बाहेर आणली आणि उजेडात ठेवली.

आत भोंगा झाला. मामा हलला नाही.

झिपरीने गाठ सोडली.

"तांब्याभर पाणी लागेल," ती म्हणाली. "आणि घाई असेल तर बसू नका."

म्हातारा बसला.