पालथी घातलेली देग

मित्रांनो, मी एक जुनी तांब्याची देग आहे, शेकडोंचं जेवण शिजवणारं मोठं भांडं. इस्तंबूलच्या एका दर्ग्याच्या अंगणात पडले आहे. बुडाला भोक आहे, पोटात माती, आणि मातीत पुदिना. येणारेजाणारे इथल्या म्हाताऱ्या दरवेशांना, म्हणजे सूफी फकिरांना, विचारतात, एवढी बलाढ्य उस्मानी सल्तनत खिळखिळी कशी झाली? मला कोणी विचारत नाही.

मी सुलतानाच्या जुन्या फौजेची. लढाईत निशाण गेलं तर चालेल, देग जाता कामा नये, असा माझा मान. दरवेश गात गात अल्लाची करुणा भाकत, मगच माझ्यातलं सूप वाढलं जाई. शिपायांना बंड करायचं असलं की ते मला चौकात नेऊन पालथी घालत. सरकारचं अन्न नको, एवढाच त्याचा अर्थ. पण तेवढ्याने वजीर बदलत.

पुढे शिपायांनी दुकानं थाटली. बंदुका गंजल्या, जेवणाला मात्र सगळे हजर. तेव्हा सुलतानाने कवायत करणारी नवी फौज उभारली. रोज टेकडीपलीकडे तिचा ढोल वाजे आणि गल्लीतली पोरं तिकडे धावत. माझा नुसता जळफळाट होई. कालचं ते कातडं, आणि त्याचं एवढं कौतुक! आमचे मुख्य आचारी बेहराम उस्ताद. त्यांचा मुलगा इद्रिस मला कल्हई करता करता मोठा झाला होता. तोही ढोलामागे नव्या फौजेत गेला.

जुन्या शिपायांनी नवी फौज मोडायचं ठरवलं. पण उस्तादांच्या शब्दाशिवाय मी चुलीवरून हलत नसे. इद्रिस धावत वडिलांकडे आला.

"बाबा, सरहद्दीवर शत्रू नव्या तऱ्हेने लढतोय. आम्हाला शिकू तरी द्या."

"पाय आपटून लढाई जिंकतात होय रे? आपला बैलही रोज आपटतो."

"लढाईचं नाही, तुम्हाला त्या ढोलाचं दुखतंय."

उस्तादांचा चेहरा उतरला. माझंही दुखणं पोराने नेमकं ओळखलं होतं. उस्तादांनी मला उतरवायची खूण केली, आणि मित्रांनो, मला आनंद झाला.

चौकात मी पालथी पडले, सूप दगडांवरून वाहत गेलं. ढोल फुटला, नवी फौज मोडली. इद्रिसला जुन्या शिपायांबरोबर सरहद्दीवर धाडलं. दुकानं सोडून आलेले ते शिपाई पहिल्याच तोफेला पळाले. इद्रिस पळायला शिकला नव्हता.

त्यानंतर सगळ्यांना वाढून झालं, की उस्ताद माझ्या तळाशी एक पळी सूप राखत. कोणी विचारलं तर म्हणत, "त्याला यायला उशीर होतो."

शत्रूच्या तोफा नंतर आल्या, मित्रांनो. आधी आम्हीच आमचं घर पोखरलं. शेजारी कोणी नवं शिकत असेल तर जळू नका, जवळ जाऊन ऐका. मला अजून ते साधत नाही. रमजानच्या पहाटे लोकांना उठवणारा ढोलवाला गल्लीतून जातो, तेव्हा माझं तांबं तापतंच. मग तळाची ती पळी आठवते, आणि मी त्याचा ढोल शेवटपर्यंत ऐकते.