पहिला टप्पा बांधाकडूनच कावून?

खडकवाडीत पारावर दोन माणसं हळू आवाजात बोलताना दिसली, की धोंडीरामला खात्रीच पटायची, विषय आपलाच चालू आहे. लाइनमनने डीपीचं झाकण उघडलं तरी त्याला वाटायचं, हा आपलीच मोटर बंद पाडायला आला. मंडळी, आपणही थोडेफार असेच असतो. धोंडीराम जरा जास्त होता, एवढंच.

दिंद्रुडपासून आत असलेल्या या गावाला मुरमाची एक टेकडी आहे. कुणाला घर बांधायचं असलं की ज्याने त्याने ट्रॅक्टर न्यायचा आणि दिसेल तिथे उकरायचं, ही तिथली जुनी रीत. त्यामुळे टेकडीला जागोजागी भगदाडं पडली होती. सगळ्यात मोठं भगदाड धोंडीरामच्या शेताला लागून होतं. वर त्याचा बांध, बांधावर त्याच्या बायकोने, केसरबाईने, डोक्यावरून पाणी वाहून जगवलेली सीताफळाची झाडं आणि खाली सरळ तुटलेला कडा.

पाणंद रस्त्यासाठी मुरूम लागणार होता. तेव्हा सरपंच सत्यशीलाताईंनी ग्रामसभेत सांगून टाकलं, की यापुढे मनमानी उकराउकर बंद. टेकडी टप्प्याटप्प्याने खोदायची. आधी वरची माती काढून वेगळी ठेवायची, मग उतार राखून मुरूम काढायचा, आणि शेवटी तीच माती त्या उतारावर पसरायची. तिथे गवत धरलं की मगच पुढचा टप्पा.

"आन् पहिला टप्पा धोंडीरामतात्यांच्या बांधाकडून," ताई म्हणाल्या.

झालं! धोंडीरामच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. बांधाकडूनच का, ते ताई पुढे सांगतच होत्या. पण तोवर हा चपला घालून बाहेर पडला होता.

"पहिला टप्पा बांधाकडूनच कावून?" घरी आल्या आल्या त्याने केसरबाईला विचारलं. "अगं, तिचा डोळा आपल्या सीताफळावर हाय. आज टेकडी खाईल, उद्या बांध!"

"मग तितंच इचारायचं व्हतं की."

"इचारून कुणी खरं सांगतंय व्हय?"

उन्हाळ्यात खोदकाम झालं. मुरूम रस्त्यावर पडला, खोदायचं मशीन दुसऱ्या कामावर गेलं. माती पसरायला ते पुढच्या आठवड्यात परत यायचं होतं. वेगळ्या काढलेल्या मातीचा ढीग टेकडीच्या कडेला उभा होता. धोंडीराम बांधावरून पाळत ठेवून होता. एका सकाळी त्याने पाहिलं, सत्यशीलाताई ढिगाभोवती फिरल्या, खाली वाकल्या, मूठभर माती हातात घेऊन चोळली.

सापडली की! मुरूम गावाला आणि माती हिच्या मळ्याला!

आपल्याकडे दर उन्हाळ्यात तलावातला गाळ ओढून रानात टाकतात. त्यामुळे चांगली माती दिसली, की शेतकऱ्याचे हात शिवशिवणारच. भर दुपारी धोंडीरामने ट्रॉली जोडली. वाटेत शेजारी शहादेव भेटला. त्याच्या कानाला लागून धोंडीराम म्हणाला, "सरपंचाच्या आधी आपुन नेलेली बरी." शहादेवने हे आणखी कुणाच्या तरी कानात सांगितलं, आणि मशीन परत यायच्या आत ढीग नाहीसा झाला.

सत्यशीलाताईंनी घरोघरी विचारलं. कुणाला काहीच माहीत नव्हतं. उलट धोंडीरामच पारावर सगळ्यांत मोठ्याने ओरडत होता, "गावाची माती गेली कुटं? चौकशी झाली पायजे!"

पाऊसपाणी झालं, कापूस उगवला. आणि कापसासोबत गवतही उगवलं, तेही नेहमीचं नव्हे. खुरपून खुरपून केसरबाईचे हात सोलपटले. एक दिवस ती खुरपं टाकून उभी राहिली.

"आवं, ही तर कुसळी हाय. टेकडीवरची. आपल्या कापसात कशी आली?"

धोंडीराम खाली वाकून स्वतःच खुरपायला लागला. शहादेवच्या रानातही कुसळीच डोलत होती. कुणी कुणी माती नेली, हे आता रस्त्याने जाणाऱ्यालाही दिसत होतं.

श्रावणात एका दुपारी जोराची सर आली. मातीविना उघडा पडलेला उतार धुपत गेला, बांधाचा तुकडा खाली बसला आणि सीताफळाची दोन झाडं मुळांसकट खड्ड्यात गेली. केसरबाई त्यांच्यापाशी जाऊन बसली. तिला रडूही येईना. सत्यशीलाताई धावत आल्या, तसा धोंडीराम कडाडला.

"बगा तुमच्या टप्प्याचं काम! म्हनूनच बांधाकडून सुरुवात केली ना?"

"व्हय तात्या, बांधासाठीच केली," ताई शांतपणे म्हणाल्या. "तुमचा कडा आधीच पोखरला व्हता. उतार करून त्यावर ती माती घातली असती, तर गवताच्या मुळ्यांनी बांध धरून ठेवला असता. हे मी सभेत सांगितलं. तुमी निघून गेलता."

"मग मूठ भरून माती कावून चोळत व्हता?"

"ओल बगत व्हते. आतलं गवताचं बी जगंल का न्हाई, म्हणून."

अरे देवा! आपल्याच बांधाची माती आपणच पळवली! धोंडीराम केसरबाईशेजारी जाऊन बसला.

"माझ्यावर संशय घेतला, त्याचं वाईट न्हाई वाटत," ताई म्हणाल्या. "सरपंचावर गावाची नजर पायजेच. पर तुमी मला सोडून समद्यांना इचारलं. चार लोकांत उभं राहून मलाच इचारलं असतं, तर ही झाडं उभी असती."

पुढच्या ग्रामसभेत धोंडीराम उठला. "माती मी नेली," तो म्हणाला. "पहिली ट्रॉली माझी." मग शहादेव उठला, मग आणखी एकेक जण. उभ्या पिकातून माती परत काढणं शक्य नव्हतं. तेव्हा केसरबाईनेच तोड सांगितली, "गवत तर उपटायचंच हाय. मुळांसकट उपटा आन् उतारावर लावा."

दुसऱ्या दिवशी सगळा गाव टोपल्या घेऊन टेकडीवर होता. लोकांनी पडलेला बांध भरून घेतला आणि उतारावर ओळीने गवत लावलं. पडलेली झाडं मात्र पुन्हा उभी राहिली नाहीत. केसरबाई अजूनही त्या मोकळ्या जागेपाशी थांबते.

बंधूंनो, भगिनींनो, सार्वजनिक कामावर शंका जरूर घ्या, तो आपला हक्कच आहे. पण ती चारचौघांत उभं राहून विचारा, आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत जागेवरून उठू नका.